वाफ गेली, मीठ राहिलं

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी ठाण्याहून भाचीचा फोन आला. "मामा, कोळंबी आडवी पडलीय. पाय हलतायत, पण उठत नाहीये."

"कात टाकली असेल गं. नीट बघ."

"नाही मामा. कात मला कळते आता. ही तीच आहे."

मुलुंडहून घोडबंदर रोडवरच्या त्यांच्या घरी पोचायला पाऊण तास लागला. दिवाणखान्यात टाकीचा निळसर दिवा तेवढा चालू होता आणि त्याच्यापुढे बहीण, तिच्या सासूबाई आणि भाची अशा तिघी बसल्या होत्या. वाळूवर कोळंबी कुशीवर पडली होती. बोटभर लांब अंग, पाठीवर तांबडा पट्टा, त्याच्या मधोमध खडूने ओढावी तशी पांढरी रेघ, आणि अंगाहून लांब, पांढऱ्याशुभ्र मिशा. माशांच्या अंगावरचे परजीवी वेचून खाणारी ही कोळंबी. दुकानात तिला क्लीनर श्रिम्प म्हणतात. एरवी ती खडकाच्या कपारीत उभी राहून मिशा सारख्या झुलवत असायची. आता मिशा पाण्याबरोबर वाहवत होत्या. पोटाखालचे पाय एकेक करून, मध्येच थांबत हलत होते. आणि तिच्या वर वीतभर अंतरावर दोन्ही क्लाऊनफिश खायला मागत काचेशी नाचत होते. त्यांना काहीही झालं नव्हतं.

मासे ठणठणीत आणि कोळंबी मरतेय, ही त्या रात्रीची सगळ्यात मोठी खूण होती. ती वाचायला मला दोन तास लागले.

टँक जानेवारीत आला होता. करोनाच्या आधी, अगदी लहान असताना, भाचीने चर्नी रोडच्या तारापोरवाला मत्स्यालयात क्लाऊनफिश पाहिला आणि तो तिच्या डोक्यात घर करून बसला. १९५१ साली उघडलेल्या या मत्स्यालयाने मुंबईच्या तीन पिढ्यांना समुद्राच्या आतलं जग दाखवलं; मीही तिथलाच. गेली पंधरा वर्षं मी खाऱ्या पाण्याचे टँक सांभाळतो, त्यामुळे बहिणीने फोन केला तेव्हा आधी नको म्हटलं आणि मग यादी करायला बसलो. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच काच. वाळू, खडक आणि वरची मोकळी जागा वजा जाता त्यात पाणी राहतं दीडशे लिटर. नवशिक्याने याहून लहान टँक घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. पाणी जितकं कमी, तितकी छोटी चूक मोठी होते.

खडकावरून दुकानात वाद झाला. दुकानदार ‘लाईव्ह रॉक’ देत होता, रामेश्वरकडून आलेला म्हणून सांगत होता. तो खडक म्हणजे प्रवाळाचा सांगाडाच होता. त्यावरच्या चांदण्यांसारख्या खाचा स्पष्ट दिसत होत्या. आपल्याकडे सगळे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या २००१ पासून १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या संरक्षणाखाली आहेत. ते समुद्रातून काढणं, विकणं, घरात ठेवणं गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यात मान घालून ज्याने जिवंत प्रवाळ पाहिला आहे, त्याला तो तुकड्यातुकड्याने तराजूत तोललेला पाहवत नाही. आम्ही भाजलेल्या सच्छिद्र सिरॅमिकचे खडक घेतले. त्यांच्या भोकाभोकांत जिवाणू तितक्याच आनंदाने राहतात. मासेही हॅचरीत जन्मलेले मागितले. क्लाऊनफिशचं बंदिस्त पाण्यात प्रजनन करण्याचं तंत्र आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेही बसवलेलं आहे, तेव्हा समुद्रातून पकडून आणलेला क्लाऊनफिश घ्यायचं काही कारणच उरलेलं नाही.

पाणी कुठलं, यावर सासूबाईंनी सरळ प्रश्न केला. "अहो, खाडी तर पलीकडेच आहे. दोन बादल्या आणल्या की झालं." प्रश्न रास्त होता. पण ठाण्याच्या खाडीत भरती-ओहोटीबरोबर खारेपणा बदलतो, पावसाळ्यात तर गोडं पाणीच जास्त असतं, आणि शहराचं सांडपाणी तिच्यातच उतरतं. टँकला हवं असतं उघड्या समुद्रासारखं पाणी, हजार भागांत ३५ भाग क्षार असलेलं. दुकानातून मीठ कालवलेलं तयार पाणी वीस-वीस लिटरच्या जारमधून आलं. टँक भरून दोन जार उरले.

पुढचे सहा आठवडे टाकीत एकही मासा नव्हता. हा काळ नवशिक्याला सर्वांत जड जातो आणि बहुतेक टँक इथेच बिघडतात, कारण रिकामी टाकी बघवत नाही म्हणून चौथ्या दिवशी मासे आणले जातात. माशाच्या विष्ठेतून, श्वासातून, कुजलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट, आणि नायट्रेट बऱ्यापैकी निरुपद्रवी असतं. हे जिवाणू सावकाश वाढतात. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२च्या आसपास, म्हणजे गोड्या पाण्याच्या बहुतेक टँकपेक्षा वर. आणि पीएच जितका चढा तितका अमोनिया जास्त विषारी. म्हणून गोड्या पाण्यात निभावून जाणारी घाई इथे जीव घेते.

जिवाणूंना खाद्य म्हणून बाजारातून आणलेली एक सोललेली कोळंबी आम्ही टाकीत सोडली आणि कुजू दिली. घरभर वास आला, सासूबाईंनी उदबत्त्या लावल्या, पण कोणी तक्रार केली नाही. भाचीने शंभर पानी वही केली. रोज संध्याकाळी परीक्षानळीत पाच मिलिलिटर पाणी, थेंब मोजून टाकायचे, रंगाच्या पट्टीशी लावून आकडा लिहायचा. अमोनियाची नळी पिवळ्यावरून गर्द हिरवी झाली, मग पुन्हा पिवळी. नायट्राइट चढलं, उतरलं. चौथ्या आठवड्यात पांढऱ्या वाळूवर तपकिरी साय धरली तेव्हा बहिणीचा घाबरा फोन आला. ते डायटम, म्हणजे एक प्रकारचं शेवाळ. नव्या टाकीतलं सिलिका खाऊन वाढतं आणि ते संपलं की आपोआप ओसरतं. "काही करू नकोस," एवढंच सांगितलं. तिने ऐकलं, आणि तीन आठवड्यांत वाळू पांढरी झाली.

मार्चच्या सुरुवातीला दोन क्लाऊनफिश आले. सगळे क्लाऊनफिश जन्मतः नर असतात आणि जोडीतला मोठा पुढे मादी होतो, हे कळल्यावर भाचीने वर्गात कितीजणींना सांगितलं असेल, देव जाणे.

पहिलं संकट २० मार्चला आलं. मासे वर येऊन जोराजोरात कल्ले हलवत होते, खाणं अर्ध्यावर आलं होतं. वहीत अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, तापमान २७, खारेपणाच्या रकान्यात रोज १.०२५, म्हणजे समुद्राच्या पाण्याची घनता. सगळं ठीक. मी गेलो आणि टाकीच्या कडेला पाहिलं. काचेच्या वरच्या काठावर, पंपाच्या वायरवर, झाकणाच्या बिजागरीवर मिठाचे पांढरे पापुद्रे धरले होते. मग ज्याने तो १.०२५चा आकडा घेतला जायचा तो हायड्रोमीटर हातात घेतला. प्लास्टिकच्या डबीत झुलणारा काटा, त्याच्यावरही मीठ चढलेलं. काटा जड झाला की खाली राहतो आणि कमी आकडा दाखवतो. मी बरोबर नेलेला रिफ्रॅक्टोमीटर ३५च्या प्रमाणित द्रावणाने लावून घेतला आणि टाकीतल्या पाण्याचा थेंब त्याच्या काचेवर टाकला. ४०.

"टाकीत रोज किती पाणी घालता?"

"दोन लिटर तरी," बहीण म्हणाली. "गेले दहा दिवस पंखा चालू असतो ना, पातळी उतरते. त्या उरलेल्या जारमधलं घालतो. दादा, खाऱ्या टाकीत खारंच पाणी घालायचं ना?"

नाही. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. दोन लिटर वाफ उडाली तरी त्यातलं मीठ टाकीतच राहतं, आणि वर दोन लिटर खारं पाणी घातलं की आणखी ७० ग्रॅम मीठ पडतं. दहा दिवसांचं ७०० ग्रॅम. दीडशे लिटरमध्ये वाटलं तर हजारी साडेचार भागांपेक्षा थोडं जास्तच. हिशेब ३५ वरून ४०वर बरोबर पोचत होता. तांबड्या समुद्रात इतकं खारं पाणी असतं आणि तिथे मासे सुखाने राहतात, पण ते तिथलेच असतात. दहा दिवसांत तांबडा समुद्र झालेल्या टाकीत ठाण्याचा मासा धापा टाकणारच.

दुरुस्ती सोपी होती, पण सावकाश करायची होती. रोज चार लिटर खारं पाणी काढून चार लिटर गोडं घालायचं, असं पाच दिवस. ४० वरून खारेपणा ३५वर येतो. आणि यापुढे उडालेल्या पाण्याच्या जागी फक्त गोडं पाणी. "नळाचं नको," मी सांगितलं, "क्लोरीन असतं. आरओचं घाल." काचेवर मार्करने पातळीची रेघ मारून दिली. पाच दिवसांनी ३५ आलं. मासे खाली येऊन खाऊ लागले. काम फत्ते झालं असं मला वाटलं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पाच गोगलगायी आणि ती कोळंबी आली. पिशवीतल्या पाण्यात बारीक नळीने टाकीचं पाणी थेंबथेंब सोडत भाची दीड तास शेजारी बसून होती. तिसऱ्याच दिवशी सकाळी तळाशी कोळंबीचं पारदर्शक कलेवर दिसलं आणि घरात रडारड झाली. दुपारी खरी कोळंबी खडकामागून बाहेर आली. कवचाची कात होती ती. भाची म्हणूनच फोनवर म्हणाली होती, कात मला कळते आता.

२० एप्रिलला एक गोगलगाय काच सोडून वाळूवर पडली. २२ला दोन. भाचीने त्या उचलून सरळ केल्या, पुन्हा पडल्या. मला तिने २४ला सांगितलं, आणि मी म्हटलं की नव्या टाकीत शेवाळ कमी असतं, उपाशी राहिल्या असतील. ते उत्तर मी न पाहता दिलं. शनिवारी रात्री टाकीपुढे बसल्यावर मला तेच सारखं आठवत होतं.

सगळं मोजलं. अमोनिया शून्य. नायट्राइट शून्य. नायट्रेट १०. खारेपणा ३५, या वेळी माझ्या यंत्राने. पीएच ८.१. तापमान २८, उन्हाळ्याच्या मानाने ठीक. प्राणवायू कमी पडला असता तर आधी मासे वर आले असते. इमारतीत पेस्ट कंट्रोल झालं होतं का? नाही. डासांची वडी, अगरबत्ती, फवारा? त्या खोलीत नाही. कोणी साबणाच्या हाताने टाकीत हात घातला? नाही. दुकानदाराला भाचीने आधीच विचारलं होतं. त्याने आयोडीनची बाटली घ्या म्हणून सांगितलं होतं. काय बिघडलंय हे माहीत नसताना टाकीत काहीही ओतायचं नाही, एवढा एक नियम आम्ही पाळला.

साडेनऊच्या सुमारास पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. तांब्याभांडं भरायला शुद्धीकरण यंत्राची तोटी दाबली. यंत्राच्या दर्शनी भागावर एक छोटा दिवा लागला, तांबूस. खाली अक्षरं होती: ‘कॉपर’.

मी किती वेळ तसाच उभा होतो, सांगता येणार नाही. भांडं भरून पाणी ओट्यावर सांडलं तेव्हा सासूबाई आत आल्या. "दिवाळीत घेतलंय हो," त्या म्हणाल्या. "पूर्वी आम्ही रात्री तांब्याच्या हंड्यात पाणी भरून ठेवायचो, आता यातच येतं तांबं." दिवाळीआधीचं त्यांचं यंत्र साधं होतं, आणि माझ्या डोक्यात तेच होतं. आरओचं पाणी म्हणजे स्वच्छ, जवळजवळ शून्य क्षार असलेलं पाणी, असं मी गृहीत धरलं आणि ते कुठल्या यंत्रातून येतं हे विचारलं नाही.

यंत्राची यात काहीच चूक नव्हती. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकानुसार लिटरमागे तांबं ०.०५ मिलिग्रॅमपर्यंत असावं, आणि दुसरा पर्याय नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. माणसाला ते सोसतं. माशांनाही बऱ्यापैकी सोसतं. समुद्री माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाला की वेगळ्या टाकीत तांब्याचंच औषध देतात, लिटरमागे साधारण ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅम, आणि माझ्याकडे त्यासाठी तांबं मोजायचं किटही होतं. पण कोळंबी, खेकडे, गोगलगायी यांच्यासाठी हेच तांबं जहर आहे. गंमत वाटेल, पण कोळंबीच्या रक्तात तांबं असतंच. आपल्या रक्तात लोह जे काम करतं ते तिच्या रक्तात तांबं करतं, आणि म्हणून तिचं रक्त निळसर असतं. मात्र पाण्यात मोकळं फिरणारं तांबं कल्ल्यांवर हल्ला करतं, शरीरातल्या क्षारांचा तोल घालवतं. मासे नाचत होते आणि कोळंबी मरत होती त्याचा अर्थ तोच होता.

कोळंबी रात्री साडेअकराला गेली. भाची तोवर जागी होती.

रविवारी सकाळी किट घेऊन परत गेलो. स्वयंपाकघरातल्या पाण्यात तांबं ०.५ मिलिग्रॅमच्या आसपास, टाकीत ०.१ आणि ०.२च्या मधला रंग. भाचीने वहीचं नवं पान उघडलं आणि आम्ही दोघांनी हिशेब मांडला. २० मार्चपासून पाच दिवस चार-चार लिटर, म्हणजे २०. नंतर रोजचे दोन, ३७ दिवसांचे ७४. एकूण ९४ लिटर, ४७ मिलिग्रॅम तांबं. दीडशे लिटरला लिटरमागे ०.३ यायला हवं होतं. दोनदा केलेल्या पाणीबदलात थोडं निघून गेलं असेल. उरलेलं कुठे गेलं? वाळूत आणि खडकात. चुनखडीची वाळू तांबं धरून ठेवते, आणि पाणी स्वच्छ केलं की हळूहळू परत सोडते.

भाचीने आकडे पाहिले आणि म्हणाली, "मामा, हे मिठासारखंच झालं ना? पाणी उडालं, तांबं राहिलं." तिने मार्चमधलं पान उलटून दोन्ही हिशेब शेजारी-शेजारी धरले. एकच चूक आम्ही दोनदा केली होती, पहिली त्यांनी, दुसरी मी. टाकीतून आपोआप बाहेर जातं ते फक्त पाणी. जे आत पडतं ते काढेपर्यंत आतच राहतं.

काढायला दोन महिने लागले. माझ्या घरच्या आरओला पुढे उरलेसुरले क्षार काढून घेणाऱ्या डीआय रेझिनची नळी आहे; तिच्यातून येणाऱ्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, शून्य असतो. त्या पाण्यात मीठ कालवून आठवड्याला तीस लिटर पाणी मुलुंडहून ठाण्याला नेलं. पंपाच्या वाटेत कोळशाची पिशवी आणि तांबं शोषून घेणारं रेझिन बसवलं. वरची वाळू थोडी थोडी करत काढून टाकली, एकदम काढली असती तर जिवाणूही गेले असते. उरलेल्या दोन गोगलगायी मी माझ्या टाकीत आणल्या, एक वाचली. जूनअखेर किटमधला रंग सलग तीन आठवडे शून्यावर राहिला. तरी कोळंबी लगेच आणली नाही. जुलैत ती वाचलेली गोगलगाय परत ठाण्याला नेली, आधी तिला काचेवर महिनाभर फिरू दिलं. गणपतीच्या आधी नवी कोळंबी आली. आज ती त्याच कपारीत उभी राहून मिशा झुलवते, आणि मोठा क्लाऊनफिश अंग साफ करून घ्यायला तिच्यापुढे कुशीवर होतो.

बहिणीच्या टाकीखाली आता डीआयची स्वतंत्र नळी आहे आणि तिच्यातून भरलेल्या कॅनवर भाचीने ‘फक्त टाकीसाठी’ असं लिहून ठेवलं आहे. घरी समुद्राच्या पाण्याचा टँक करायचा विचार असेल, किंवा केला असेल आणि गोगलगायी काच सोडून पडत असतील, तर औषधाची बाटली घेण्याआधी स्वयंपाकघरात जा. शुद्धीकरण यंत्राचं माहितीपत्रक काढा आणि त्यात ‘कॉपर’, ‘मिनरल’ किंवा ‘टीडीएस कंट्रोलर’ यांपैकी एखादा शब्द आहे का पाहा. साधा टीडीएस मीटर तांबं वेगळं दाखवत नाही, तो सगळे क्षार एकत्र मोजतो. त्यामुळे आकडा कमी आला म्हणून थांबू नका. यांतला एखादा शब्द सापडला तर ते पाणी घरच्यांना पिण्यासाठी ठेवा, टाकीत त्याचा एक पेलाही घालू नका.